बोटीच्या स्टिरिओवर मोबाइल किंवा प्लेअरमधून गाणी वाजवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या आसपास बोट म्हणजे तलावातली बोट. रामटेकजवळचा खिंडसी जलाशय, नवेगाव खैरीचे पाणी किंवा एखादा मोठा बंधारा, एवढाच तिचा वावर. बोटीतील ध्वनियंत्रणेविषयी जे लिहिलेले सापडते ते बहुतेक समुद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते, आणि त्यात खाऱ्या हवेने चढणाऱ्या गंजाचीच चर्चा अधिक असते. आपल्याकडे पाणी गोडे आहे. त्रास देतात ते मे महिन्याचे ऊन, थकलेल्या बॅटऱ्या आणि घाईने मारलेले वायरींचे जोड. पुढील प्रश्न स्वतःची लहान मोटारबोट बाळगणारे, सहलीच्या बोटी चालवणारे आणि कारचा स्टिरिओ बोटीत बसवून देणारे कारागीर यांच्याकडून वरचेवर येत असतात.

मोबाइल किंवा प्लेअर स्टिरिओला जोडण्याचे मार्ग कोणते, आणि त्यांतील कोणता निवडावा?

मार्ग चार आहेत : ३.५ मिलिमीटरच्या पिनची ऑक्स केबल, यूएसबी, ब्लूटूथ आणि एफएम ट्रान्समिटर, म्हणजे मोबाइलचा आवाज रेडिओच्या लहरींवरून स्टिरिओच्या रेडिओकडे पाठवणारी लहान डबी. नवा स्टिरिओ घेताना पहिले तीनही मार्ग असलेला घ्यावा, कारण किमतीत फारसा फरक पडत नाही आणि एक मार्ग अडला तर दुसरा हाताशी राहतो. रोजच्या वापराला ब्लूटूथ सोयीचे आहे, यात वाद नाही. मात्र बोटीवर गर्दी असेल, किंवा कार्यक्रमात मध्येच आवाज तुटणे परवडणारे नसेल, तर केबलच लावावी असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑक्स केबल जुनाट वाटते, पण तिला जोडणीचा संकेतांक लागत नाही, ती शेजारच्या मोबाइलवर जाऊन बसत नाही आणि बिघडली तर कोणत्याही मोबाइलच्या दुकानात दुसरी मिळते.

ऑक्स लावल्यावर वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज नाहीसा होतो. असे का होते?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो, आणि त्यापायी इतके चांगले स्टिरिओ विनाकारण उघडले जातात, की त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे. ऑक्सच्या पिनेवर डाव्या बाजूचा संकेत, उजव्या बाजूचा संकेत आणि दोघांना सामाईक असलेली परतीची वायर, असे तीन संपर्क असतात. पीन पूर्ण आत गेली नसेल किंवा सामाईक वायर आतून तुटली असेल, तर डावा आणि उजवा संकेत एकमेकांतून वजा होतात. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात सहसा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असल्यामुळे या वजाबाकीत तोच नाहीसा होतो, आणि बाजूंना पसरवलेली वाद्ये व गुंजन तेवढे उरते.

उपाय सोपा आहे. प्रथम मोबाइलचे जाड कव्हर काढून पीन टक् असा आवाज येईपर्यंत आत दाबावी. निम्म्या तक्रारी येथेच संपतात. त्यानंतर पिनेवरील काळ्या कड्या मोजाव्यात. दोन कड्यांची पीन केवळ ध्वनीसाठी असते, तर तीन कड्यांच्या पिनेत माइकसाठी चौथा संपर्क असतो, आणि काही स्टिरिओंच्या खोबणीत ही चार संपर्कांची पीन नीट बसत नाही. अशा ठिकाणी दोन कड्यांचीच केबल घ्यावी. केबल पिनेजवळ वाकवली असता आवाज येत-जात असेल, तर ती फेकून द्यावी. डाग देऊन ती दुरुस्त करण्यात वेळ घालवण्याइतकी तिची किंमत नसते.

माझ्या मोबाइलला हेडफोनची जागाच नाही. मग ऑक्स कशी लावावी?

ॲपलने २०१६ सालच्या आयफोन ७ पासून ही जागा काढून टाकली आणि पुढे अनेक अँड्रॉइड मोबाइलांनीही तेच केले. त्यासाठी लहानसे ॲडॅप्टर मिळते, पण घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. टाइप-सी ॲडॅप्टर दोन जातींचे असतात : एकात अंकीय संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप असते, तर दुसऱ्यात केवळ वायरी असतात आणि ते रूपांतर मोबाइलनेच करावे अशी अपेक्षा असते. दुसऱ्या जातीचे ॲडॅप्टर अनेक मोबाइलांवर मुळीच चालत नाही. त्यामुळे चिप असलेलेच, म्हणजे ज्यावर ‘डॅक’ असा उल्लेख आहे तेच, घ्यावे, आणि शक्य असल्यास दुकानातच आपल्या मोबाइलला लावून पाहावे. मोबाइल चार्जही करायचा असेल, तर दोन तोंडांचे ॲडॅप्टर लागते. त्यातून येणाऱ्या घरघरीविषयी पुढे लिहिले आहे.

घरात जुना आयपॉड पडून आहे. तो बोटीवर वापरता येईल का?

अवश्य, आणि काही बाबतींत तो मोबाइलपेक्षा सरस ठरतो. त्यावर फोन येत नाही, संदेशांची टिंगटिंग होत नाही, आणि गाणी त्याच्या पोटातच असल्याने नेटवर्कची गरज पडत नाही. ॲपलने आयपॉडचे उत्पादन २०२२ साली थांबवले असले, तरी चालू अवस्थेतले जुने आयपॉड अद्याप पुष्कळ घरांत आहेत.

२००३ ते २०१२ या काळातील बहुतेक आयपॉडांना खाली रुंद, तीस संपर्कांचे तोंड असते. त्यातून ठराविक पातळीचा संकेत बाहेर काढणारी केबल मिळाली तर ती हेडफोनच्या जागेपेक्षा चांगली, कारण त्या संकेतावर आयपॉडच्या आवाजाच्या चाकाचा परिणाम होत नाही आणि सगळे नियंत्रण स्टिरिओवर राहते. जुन्या डॉकबाबत, म्हणजे आयपॉड खोवून ठेवायच्या बैठकीबाबत, मात्र एक मेख आहे. सुरुवातीचे काही डॉक १२ व्होल्टच्या मार्गाने चार्जिंग देत असत आणि २००८ पासूनच्या अनेक मॉडेलांनी तो मार्ग सोडून केवळ यूएसबीचे ५ व्होल्ट ठेवले. त्यामुळे आयपॉड वाजतो, पण चार्ज होत नाही, असा अनुभव आला तर आयपॉड किंवा डॉक बिघडला असे लगेच समजू नये. ज्या मॉडेलांत फिरती हार्ड डिस्क आहे ते इंजिनाच्या खोक्यावर ठेवू नयेत. थरथरीने त्या डिस्कचे आयुष्य कमी होते. जाड स्पंजाची पिशवी पुरेशी आहे.

आवाज फाटतो, किंवा स्टिरिओ पूर्ण वाढवूनही बारीकच येतो. पातळी कशी जुळवावी?

ऑक्स जोडणीत आवाजाची दोन नियंत्रणे एकामागे एक येतात, मोबाइलचे आणि स्टिरिओचे. बाहेरचा ॲम्प्लिफायर असेल तर त्याचा गेन हे तिसरे. ही तिन्ही मनाला येईल तशी फिरवली, की एक तर संकेत पहिल्याच पायरीवर छाटला जातो, किंवा तो इतका दुबळा राहतो की पुढे वाढवताना त्याच्यासोबत सूं असा पार्श्वनादही वाढतो.

क्रम असा ठेवावा. मोबाइलमधील इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ पूर्ण बंद करावे. ॲम्प्लिफायरचा गेन शून्यावर आणावा. मोबाइलचा आवाज कमाल पातळीच्या एक-दोन पायऱ्या खाली ठेवून ओळखीचे, भरदार गाणे लावावे, आणि स्टिरिओ हळूहळू तीन-चतुर्थांशापर्यंत वाढवावा. आवाज स्वच्छ आहे याची खात्री झाल्यावरच गेन वाढवत जावा, आणि जेथे आवाज किंचित खरखरीत होतो तेथून थोडा मागे घ्यावा. यानंतर त्या गेनला हात लावू नये. अनेकांना गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण वाटते. वास्तविक ते दोन यंत्रांची पातळी एकमेकांशी जुळवण्यासाठी असते.

स्पीकर ‘जास्त वॉटने’ जळतो हा समज अर्धाच खरा आहे. लहान ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर ताणला असता लहरींची शिखरे कापली जातात, आणि अशा छाटलेल्या संकेताने कमी वॉटच्या यंत्रावरही ट्वीटरची, म्हणजे उंच सुरांच्या लहान स्पीकरची, बारीक तार जळते. उघड्या पाण्यावर आवाज परतवणाऱ्या भिंती नसतात, वर इंजिनाचा आवाज असतो, त्यामुळे घरी पुरेसा वाटणारा स्टिरिओ बोटीत अपुरा वाटतो आणि माणूस तो ताणत जातो. अशा वेळी आहे तोच स्टिरिओ पिळण्यापेक्षा स्पीकर बसणाऱ्यांच्या जवळ आणणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण उघड्यावर अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते.

इंजिन सुरू केले की स्पीकरमधून घरघर किंवा शिट्टी येते. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा प्लेअरचाही नाही आणि स्टिरिओचाही नाही. मोबाइल चार्जरला लावलेला असतो, चार्जर बोटीच्या बॅटरीवर असतो, आणि तोच मोबाइल ऑक्सने स्टिरिओलाही जोडलेला असतो. स्टिरिओची ऋण वायर वेगळ्या मार्गाने त्याच बॅटरीकडे जाते. अशा रीतीने परतीचे दोन मार्ग होऊन एक वेटोळे तयार होते, आणि इंजिनावरील चार्जिंगची लहर त्या वेटोळ्यातून थेट ध्वनीच्या वायरीत शिरते. इंजिनाची गती वाढवली की शिट्टीचा सूर चढतो, हे त्याचे ठळक लक्षण.

तपासणी मिनिटभरात होते. इंजिन चालू असताना मोबाइलचे चार्जर काढावे. घरघर थांबली, तर दोष वेटोळ्याचा. मग मोबाइल पॉवर बँकेवर चार्ज करावा. पॉवर बँकेचा बोटीच्या वायरिंगशी संबंध नसल्याने वेटोळे बनतच नाही, आणि हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. कायमस्वरूपी सोय हवी असेल तर ऑक्सच्या मार्गात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची लहान डबी बसवावी. तिच्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, जे ध्वनी पुढे जाऊ देतात आणि थेट विद्युतसंपर्क तोडतात. स्वस्त डब्यांत खर्जाचा थोडा भाग हरवतो, एवढे लक्षात असू द्यावे.

चार्जर काढूनही आवाज राहिला, तर स्टिरिओची ऋण वायर इंजिनाच्या अंगावर किंवा जवळच्या एखाद्या लोखंडी पट्टीवर कसलेली आहे का ते पाहावे. कारमध्ये पत्र्याला ऋण जोडण्याची पद्धत असल्यामुळे कारचे कारागीर बोटीतही तसेच करतात. फायबरच्या बोटीत ते चालत नाही. ही वायर सरळ बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. टकटक असा आवाज येत असेल, तर स्पार्क प्लगची टोपी आणि तिची वायर तपासावी व ध्वनीच्या वायरी तिच्यापासून दूर न्याव्यात.

ब्लूटूथ मध्येच तुटते. मोबाइल तर दोन हातांवरच असतो!

ब्लूटूथची दहा मीटरची मर्यादा मोकळ्या हवेतली आहे. ते २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि या लहरी पाणी शोषून घेते. माणसाचे शरीरही बहुतांश पाणीच असल्यामुळे मागे बसलेल्या चालकाचा मोबाइल आणि पुढे लावलेला स्टिरिओ यांच्यामध्ये आठ-दहा माणसे दाटीने बसली की लहरी अडतात. ॲल्युमिनियमच्या बोटीत स्टिरिओ धातूच्या खोक्यात असेल तर अडचण आणखी वाढते. मोबाइल खिशात न ठेवता स्टिरिओजवळच्या कोरड्या पिशवीत ठेवावा. स्टिरिओच्या यादीतील जुन्या, अनोळखी मोबाइलांची नावेही पुसून टाकावीत, कारण काठावर उभा असलेला एखादा जुना प्रवासी नकळत पुन्हा जोडला जातो आणि भजनाच्या जागी भलतेच गाणे सुरू होते. कार्यक्रमाच्या वेळी मोबाइल विमान मोडवर टाकून केवळ ब्लूटूथ चालू ठेवल्यास फोनचा व्यत्यय येत नाही.

एफएम ट्रान्समिटर लावून चालेल का?

जुन्या स्टिरिओला ऑक्स, यूएसबी, ब्लूटूथ यांपैकी काहीच नसेल, तरच. नागपुरात ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ आणि १००.६ या जागा केंद्रांनी व्यापलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यापासून दूरची रिकामी जागा शोधावी लागते, आणि बोट वळली की तीही खरखरू लागते.

पेन ड्राइव्ह स्टिरिओ वाचतच नाही, किंवा गाणी भलत्याच क्रमाने वाजतात. काय करावे?

बहुतेक स्टिरिओ एफएटी-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्हच ओळखतात, तर आजचे ६४ जीबी आणि त्यापुढील पेन ड्राइव्ह सहसा एक्सफॅट पद्धतीचे येतात. गाण्यांसाठी १६ किंवा ३२ जीबीचा ड्राइव्ह पुरतो, म्हणून मोठ्याच्या मागे लागू नये. फाइली एमपी-३ स्वरूपात ठेवाव्यात. मोबाइलवर उतरवलेली काही गाणी इतर स्वरूपांत असतात आणि स्टिरिओ ती मुकाट्याने वगळतो. पैसे भरून घेतलेल्या ॲपमधील ‘डाउनलोड’ गाणी तर पेन ड्राइव्हवर नेताच येत नाहीत, कारण ती त्या ॲपपुरती कुलूपबंद असतात.

क्रमाविषयी सांगायचे, तर अनेक स्वस्त स्टिरिओ नावाप्रमाणे न जाता गाणी ज्या क्रमाने ड्राइव्हवर उतरवली गेली त्या क्रमाने वाजवतात. आरतीनंतरच अमुक गाणे यायला हवे असेल, तर ड्राइव्ह रिकामा करून गाणी एकेक करून, हव्या त्या क्रमाने भरावीत.

अँड्रॉइड मोबाइल यूएसबीने जोडला असता स्टिरिओ तो केवळ चार्ज करतो आणि गाणी दाखवत नाही, ही तक्रार वेगळी आहे. हल्लीचे मोबाइल पेन ड्राइव्हसारखे वागत नाहीत. तेथे ब्लूटूथ किंवा ऑक्सच वापरावे.

कारचा स्टिरिओ बोटीत बसवला तर टिकेल का?

समुद्रात टिकणार नाही. आपल्याकडच्या गोड्या पाण्यात, छत असलेल्या बोटीत, खोक्याच्या आत बसवलेला कारचा स्टिरिओ वर्षानुवर्षे चालू शकतो, आणि खर्च मर्यादित असेल तर तो घ्यायला हरकत नाही. स्पीकरच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. कारच्या साध्या स्पीकरचा कागदी कोन पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून मऊ पडतो. प्लॅस्टिकचा कोन आणि रबरी कडा असलेले, बोटीसाठीचे स्पीकर घ्यावेत. खोक्यावर पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा आयपीएक्स ५ असा लिहिलेला असेल तर आतली वस्तू पाण्याची धार सोसते, आयपीएक्स ७ असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. स्टिरिओच्या बाबतीत हा आकडा बहुधा केवळ दर्शनी भागाला लागू असतो; मागची बाजू, जेथे वायरी असतात, ती उघडीच असते.

छत नसलेल्या बोटीत मोठी अडचण उन्हाची. पडदा काळा पडतो, बटणांवरचा रबर चिकट होतो. पांढरे सुती आवरण शिवून घेतले तर बराच फरक पडतो.

वायरी कशा जोडाव्यात? इतक्या रंगांचा गोंधळ होतो.

बहुतेक स्टिरिओंत पिवळी वायर कायम विजेची असते, तिच्यावर घड्याळ आणि केंद्रांची आठवण अवलंबून असते. लाल वायर किल्लीतून येते आणि काळी ऋण असते. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार जोड्या अनुक्रमे पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा आणि मागचा उजवा या स्पीकरांच्या असतात, व प्रत्येक जोडीतील काळ्या पट्ट्याची वायर ऋण असते. बोट आठवडाभर नुसती उभी राहणार असेल, तर पिवळ्या वायरीवरही स्विच बसवावा, अन्यथा ती बॅटरी थेंबाथेंबाने रिकामी करते.

दोन गोष्टींवर आम्ही अडून बसतो. पहिली, फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा; अमेरिकेतील बोटींच्या मानकात हे अंतर सात इंच धरले आहे. स्टिरिओच्या मागे असलेला फ्यूज स्टिरिओला वाचवतो, पण बॅटरीपासून तिथवर आलेली वायर वाटेत घासून उघडी पडली, तर तिला तो वाचवत नाही. दुसरी, स्पीकरच्या ऋण वायरी एकमेकींत किंवा बोटीच्या ऋण वायरीत मिसळू नयेत. वायर वाचवण्यासाठी चारही स्पीकरांना एकच परतीची वायर देण्याची जुनी सवय आजच्या स्टिरिओचा ध्वनिभाग जाळून टाकते.

वायरीची जाडी हाही हिशेबाचा विषय आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते, आणि दहा अँपिअर प्रवाहाला तिच्यातच पाऊण व्होल्ट खर्च होतो. खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला स्टिरिओचा दिवा मंद होत असेल, तर कारण बहुधा हेच. चार चौरस मिलिमीटरची वायर घातल्यास ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते.

सगळे जोडून झाल्यावर खर्ज गायब वाटला, तर एखाद्या स्पीकरचे धन-ऋण उलटे झालेले असते. स्टिरिओपासून वायर सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. कोन बाहेर उचलला गेला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर धन. आत गेला तर उलट. कोनावर बोट हलके ठेवले की ही हालचाल डोळ्यांआधी बोटाला कळते.

बॅटरीवर किती वेळ गाणी वाजतील?

केवळ स्टिरिओ आणि चार स्पीकर मध्यम आवाजात साधारण दोन-तीन अँपिअर घेतात. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी असे धरले, तर पंधरा-वीस तासांचे वादन होते. वेगळा ॲम्प्लिफायर आणि वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) लावला की हेच गणित चार-पाच तासांवर येते. विश्रांतीनंतर मोजलेले १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी आणि १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली जाऊ देऊ नये. इंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि गाण्यांची बॅटरी वेगळी ठेवावी, कारण तलावाच्या मध्यभागी ढकलून सुरू करण्याची सोय नसते.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी काही जण बोटीत ठेवतात. ती खोलवर रिकामी होणे सोसते हे खरे, पण तिचे वजन फार असते आणि हेलकाव्याने आम्ल सांडते. लहान बोटीत ती नकोच.

लहान आउटबोर्ड इंजिनांबाबत, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेल्या इंजिनांबाबत, एक इशारा : त्यांतील काहींच्या चार्जिंगला व्होल्टेज नियंत्रक नसतो. बॅटरीची पकड सैल असताना इंजिन जोरात चालवले, तर व्होल्टेज स्टिरिओच्या सोसण्यापलीकडे जाते. बॅटरीची टोके घट्ट कसलेली हवीत, आणि इंजिन चालू असताना ती कधीही सोडू नयेत.

दुपारी मोबाइल तापून बंद पडतो. उपाय काय?

ॲपल आपल्या मोबाइलांसाठी वापराच्या वेळी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचीच हवा योग्य मानते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणजे सावलीतही ती मर्यादा दहा अंशांनी ओलांडलेली असते. त्यात पडदा चालू, चार्जिंग चालू आणि वर पाणी न शिरणारी प्लॅस्टिकची पिशवी असली, की मोबाइल स्वतःला वाचवण्यासाठी बंद होणारच. गाणी आधीच उतरवून घ्यावीत, पडदा बंद ठेवावा, उन्हात चार्जिंग करू नये आणि मोबाइल छताखाली, ओल्या कापडाने झाकलेल्या डब्यात हवा खेळेल असा ठेवावा. बर्फाच्या पेटीत मुळीच टाकू नये. गरम मोबाइलच्या आत बाष्प जमते. उन्हाळ्यापुरता पेन ड्राइव्ह हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

मोबाइल किंवा ॲडॅप्टर पाण्यात भिजला तर?

पीन काढावी, तोंड खाली करून हलके झटकावे आणि सावलीत हवेवर वाळू द्यावे. पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने लाभ होत नाही, उलट कण्या आणि भुकटी खोबणीत जातात.

स्टिरिओ किंवा ॲम्प्लिफायर पेट्रोलच्या टाकीजवळ बसवता येईल का?

नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते, आणि स्विचची किंवा सैल जोडाची एक ठिणगी पुरते. टाकीच्या बंद कप्प्यात बॅटरी, रिले, ॲम्प्लिफायर यांपैकी काहीही नसावे. पेट्रोल भरताना स्टिरिओ बंद ठेवावा, आणि भरून झाल्यावर कप्पे उघडून वाफ जाऊ द्यावी.

तलावावर गाणी वाजवण्यास कायद्याने बंधन आहे का?

आहे, आणि ते अनेकांना ठाऊक नसते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावण्यास लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे तेथे ६५ च्या वर जाता येत नाही.

संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची गरम असते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून दूरवर पोहोचतो. बोटीत बेताचा वाटणारा आवाज पलीकडच्या काठावरील घरात स्पष्ट ऐकू येतो. अंबाझरी आणि फुटाळा ही पाणी तर भरवस्तीतली. जो चालक बोट हाकतो त्यालाही काठावरची हाक आणि दुसऱ्या बोटीचा भोंगा ऐकू आला पाहिजे. तेवढ्या एका कसोटीवर आवाज ठेवला तरी बहुतेक तक्रारी उद्भवत नाहीत.

पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या पाण्यावर, कोलितमाऱ्याच्या बोटसफारीसह, आणि गोरेवाड्याच्या जंगलात स्टिरिओचा विचारही करू नये. तेथे माणसे पक्षी आणि प्राणी पाहायला येतात, आणि त्यांना पळवून लावणाऱ्या गाण्याचे समर्थन कोणीही करू शकणार नाही.

तिकीट घेऊन प्रवासी नेणाऱ्या बोटीवर गाणी वाजवायला परवाना लागतो का?

लागतो. स्वतःच्या ॲपचे मासिक शुल्क भरले असले तरी ते खासगी ऐकण्यापुरते असते. ग्राहकांना ऐकवणे हे कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सार्वजनिक प्रसारण ठरते, आणि त्यासाठी पीपीएल (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड) व आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) यांसारख्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून परवाने घ्यावे लागतात.

हंगाम संपल्यावर यंत्रणेचे काय करावे?

दर्शनी भाग निघत असेल तर तो काढून घरी न्यावा. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची टोके सोडवावीत, आतल्या पाण्याची पातळी कमी असल्यास बॅटरीसाठीचे डिस्टिल्ड पाणीच घालावे, आणि दर महिन्याला एकदा पुन्हा चार्ज करावी. वायरींच्या जोडांवर टेप गुंडाळलेली असेल तर ती उकलून पाहावी. टेपच्या आत साचलेले पाणी बाहेर पडत नाही आणि तांबे हिरवे पडत जाते. हिरवी पडलेली टोके स्वच्छ तांबे दिसेपर्यंत कापावीत, गोंद असलेल्या उष्णतेने आवळणाऱ्या नळीने पुन्हा झाकावीत, आणि तेव्हाच प्रत्येक वायरीला नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. ऑक्सच्या खोबणीला रबरी बूच लावावे, कारण पावसाळ्यात त्या भोकात कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि ते टाचणीने कोरून काढताना आतील पितळी पट्टी वाकते.